लग्नाची अट

ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत इतिहासपर लेख लिहावयाचा म्हटला म्हणजे मूळ गाव, कुलदैवत, कुळांच्या नोंदी, वतनांची कागदपत्रे आणि मुंबई-पुण्यास प्रथम येऊन नाव काढलेल्या कर्त्या पुरुषांची चरित्रे हेच विषय लेखकाच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या विषयांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांवर या पृष्ठांतून पुष्कळ लिहून झाले आहे, आणि त्या लेखनात आपल्या लेकीसुना बहुधा वंशावळीच्या कडेला, ‘अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या कन्या’ एवढ्याच उल्लेखापुरत्या येतात. आज सभासद-कुटुंबांपैकी असे घर क्वचितच निघेल की ज्यातील एकही स्त्री पगारी काम करीत नाही. शाळा, बँका, रुग्णालये, न्यायालये, विमा-कचेऱ्या, संगणकाच्या कंपन्या अशा सर्व ठिकाणी त्या रोज सकाळी डबा घेऊन जातात. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही.

तो सारा इतिहास एका लेखात मावणारा नाही. म्हणून आम्ही त्यातील एकच धागा हाती घेतला आहे. ‘लग्न होईपर्यंत नोकरी, लग्न झाले की राजीनामा’ ही अट आपल्या देशात चक्क लेखी स्वरूपात होती. ती खाजगी कंपन्यांत होती तशीच सरकारी सेवांतही होती. आणि स्वातंत्र्य मिळून, राज्यघटना अमलात येऊन कित्येक वर्षे लोटल्यावरही होती. ती आली कोठून, आणि मोडली कोणी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

या अटीचे मूळ शोधू लागले असता प्रथम एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांतल्या स्त्रीला पगारी कामाची वाट प्रथम मोकळी झाली ती बव्हंशी वैधव्यामुळे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला व १९०० साली तो हिंगण्यास नेला. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नाने १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. या संस्थांतून शिक्षिका तयार झाल्या, परिचारिका तयार झाल्या, शिकलेल्या सुइणी तयार झाल्या. आणि त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. कारण उघड आहे. जिला पोसणारा नवरा नाही, सासरी जिला थारा नाही आणि माहेरी जी भावाच्या संसारात अडगळ होऊन राहिलेली, तिने चार पैसे मिळवून स्वतःचे पोट भरावे, यास असलेला विरोध काळाच्या ओघात निवळत गेला. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. आश्रमाच्या वर्गणीसाठी त्या गावोगाव हिंडल्या, आणि पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. सवाष्ण बाईचे असे हिंडणे त्या काळी कोणी चालवून घेतले असते, असे आम्हांस वाटत नाही.

येथे आनंदीबाई जोशी यांचे नाव वाचकांच्या ओठी येईल. त्या सवाष्ण होत्या हे खरे, आणि १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळताच कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु काम हाती घेण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. रखमाबाईंनी सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे वैद्यकीय सेवा केली, ती लहानपणी झालेला विवाह नाकारून व त्यापायी न्यायालयात झगडून झाल्यानंतर. कामावर जाणारी बाई म्हणजे नवऱ्याचा आधार नसलेली बाई, हे समीकरण आपल्या समाजात तेव्हाच रूढ झाले. पुढे जी सक्तीची अट झाली, ती आधी दयेच्या रूपाने घरात आली होती.

गिरणीतील बाईची गोष्ट मात्र निराळी होती. कोकणातून आणि घाटावरून मुंबईस आलेल्या कुटुंबांतील बाई लग्नाची असो, विधवा असो की नवऱ्याने टाकलेली असो, तिला सूत गुंडाळण्याच्या खात्यात राबणे भागच होते. गेल्या शतकाच्या विशीच्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत ढोबळ मानाने पाचांत एक बाई असे. नाईकिणीच्या मर्जीने ती कामावर लागे, आणि ती मर्जी राखण्यासाठी तिला दस्तुरी मोजावी लागे. तान्हे मूल घरी ठेवून यावयाचे तर त्याला अफूची बाळगोळी चाटवून यावे लागे, म्हणजे ते दिवसभर निपचित पडून राही. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास गिरणीकामकरणींच्या बाळंतपणांची पाहणी केली, तीत या बाळगोळीचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘बाळगोळी’ हा शब्द ज्यांनी आपल्या आजी-पणजीच्या तोंडून ऐकला असेल, त्यांपैकी पुष्कळांना तिच्यात अफू असे हे ठाऊक नसेल. गिरणीमालकाला बाईच्या लग्नाशी कर्तव्य नव्हते. आणि तिला दिवस गेले तरी, जोवर त्याला त्याची किंमत मोजावी लागत नव्हती तोवर, त्याचेही त्याला काही वाटत नव्हते.

ती किंमत मोजण्याची वेळ कायद्याने आणली. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात यासंबंधीचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबईच्या कायदेकौन्सिलात आसवले यांच्या विधेयकाच्या रूपाने तो विषय पुन्हा आला. १९२८ च्या जुलैत त्यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने तो भार सरकारनेही उचलला पाहिजे. तथापि तिच्या श्रमाचा लाभ जो मालक घेतो, त्यालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा मंजूर झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिलाच कायदा. त्या कायद्याने बाळंतिणीस रोजचे आठ आणे मिळू लागले.

आता या चांगल्या कायद्याला कसा फाटा फुटला तो पाहावा. १९४४ ते १९४६ या काळात रेगे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने देशभरातील कामगारांच्या स्थितीची चौकशी केली. तीत असे दिसून आले की, हा लाभ देण्याचे टाळण्यासाठी काही मालक बाईला दिवस गेल्याचा सुगावा लागताच तिला कामावरून कमी करीत. आणि काही ठिकाणी तर मुळातच अविवाहित मुली, विधवा अथवा मूल होण्याचे वय उलटून गेलेल्या बायका यांनाच काम देत. मुंबईच्या गिरण्यांत बायकांचे प्रमाण पुढे उतरतच गेले. त्याला रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे अशी दुसरीही कारणे होती. सगळे खापर एका कायद्यावर फोडणे रास्त होणार नाही. परंतु मालकांच्या हिशेबात एक नवे खाते उघडले गेले, हे निश्चित. विधवा चालेल, कुमारिका चालेल, सवाष्ण नको. शिक्षणसंस्थांच्या काळी जे कारुण्यापोटी घडले, तेच आता जमाखर्चाच्या वहीत उतरले.

या वहीची जाहीर तपासणी १९६५ साली झाली. प्रकरण मुंबईचेच होते. इंटरनॅशनल फ्रँचायझीज या कंपनीच्या औषध-विभागात कुमारिकांना कामावर घेत, आणि त्यांतील एखादीचे लग्न झाले की तिची नोकरी आपोआप संपे. मुंबई लेबर युनियनने या नियमाविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीचे म्हणणे असे की, त्या विभागात काम टोळीने करावयाचे असते. एक बाई गैरहजर राहिली की सर्वांचे काम अडते. आणि लग्न झालेल्या बायका अधिक गैरहजर राहतात. न्यायालयाने विचारले, यास पुरावा काय? बाळंतपणाची रजा सोडल्यास विवाहित व अविवाहित यांच्या गैरहजेरीत फरक पडण्याचे कारण दिसत नाही. आणि मुलांमुळे खाडे होतात असे म्हणावे, तर मुले विधवांनाही असतातच. इतर औषध-कंपन्यांतही असाच नियम आहे, ही सबब न्यायालयाने मानली नाही. नियम मुळातच समर्थनीय नसेल तर दहा ठिकाणी असल्याने तो समर्थनीय होत नाही. नियम रद्द झाला.

आमच्या मते या निकालातील विधवेचा उल्लेख सर्वांत मर्मी लागणारा आहे. पाऊणशे वर्षे समाजाने जी गोष्ट बोलून दाखविली नव्हती, ती न्यायाधीशांनी एका वाक्यात उघडी पाडली. अट मुलांमुळे नव्हती, कामाच्या स्वरूपामुळेही नव्हती. बाईला नवरा आहे, म्हणजे तिच्या पोटाची सोय आहे, म्हणजे तिला काढली तरी कोणाचे काही बिघडत नाही, या गृहीतावर ती उभी होती.

अटी घालण्याची ही खोड केवळ नफ्याकडे पाहणाऱ्या मालकांनाच होती, असे कोणी समजू नये. विद्येची मंदिरेही तिच्यातून सुटली नाहीत. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमलाबाई, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम प्रकारे मिळवून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, मुलगी म्हणून, त्यांना नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर परीक्षणाखाली राहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. वर्ष संपताना रामन यांचे समाधान झाले आणि त्यांचे नाव रीतसर दाखल झाले. पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या, आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या. परंतु बंगळूरच्या त्या वर्षाचा सल त्यांच्या मनातून गेला नव्हता, हे त्यांनी उतारवयात बोलून दाखविले आहे. त्यांच्या बरोबरीच्या एकाही मुलाला ‘तू लायक आहेस की नाही ते वर्षभर पाहू’ असे सांगितले गेले नव्हते.

सरकारचे वर्तन तर आश्चर्यकारक म्हणावे लागेल. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने सरकारी नोकरीत लिंगावरून भेद करण्यास स्पष्ट मनाई केली. असे असूनही १९५१ साली भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झालेल्या अण्णा राजम यांच्या नेमणूकपत्रात, विवाह केल्यास सेवा समाप्त होईल, अशी अट होती. मुलाखत घेणाऱ्या मंडळींनी त्यांना बायकांना शोभेल अशी दुसरी सेवा पत्करण्याचा आग्रह केला होता. तो त्यांनी मानला नाही. मद्रास राज्यात त्यांना जिल्ह्यातील काम देण्यास तेथील मुख्यमंत्री राजगोपालाचारी प्रारंभी राजी नव्हते. त्यांनी ते मागून घेतले, आणि होसूरला उपजिल्हाधिकारी म्हणून काम केले. पुढे ती अट शिथिल झाली. अण्णा राजम यांनी आपल्याच तुकडीतील रा. ना. मल्होत्रा यांच्याशी विवाह केला. मुंबईच्या समोर न्हावा-शेवा येथे उभे राहिलेले बंदर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याची उभारणी या बाईंच्या देखरेखीखाली झाली. १९८९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लग्नाबरोबर ज्यांची नोकरी संपावयाची होती, त्यांच्या हातून हे काम झाले.

अट शिथिल झाली म्हणजे नाहीशी झाली, असे मात्र नव्हे. १९५४ च्या नियमांत विवाहित स्त्रीस प्रशासकीय सेवेतील नेमणुकीवर हक्क सांगता येणार नाही, आणि सेवेत असता विवाह केल्यास, कार्यक्षमतेच्या कारणाने सरकार तिला राजीनामा देण्यास सांगू शकेल, असे कलम राहिलेच. ते १९७२ साली वगळले गेले. परराष्ट्रसेवेत तर ते त्यानंतरही राहिले. कूर्गच्या चो. बे. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्रसेवेत आलेल्या पहिल्या स्त्री. विवाह केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले होते. पुढे १९६१ च्या नियमांनुसार स्त्री-अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावयाची, आणि विवाहानंतरही, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटल्यास, राजीनाम्यास तयार राहावयाचे. मुथम्मा हंगेरीत राजदूत झाल्या, घानात झाल्या. पण वरच्या श्रेणीत बढती देताना त्यांना डावलले गेले, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ साली निकाल देताना सरकारच्या नियमांवर कडक शब्दांत टीका केली. पत्नीकडून सरकारी गुपित फुटण्याचा धोका पुरुष-अधिकाऱ्याच्या विवाहात नसतो काय? घरच्या जबाबदाऱ्या नवऱ्याला नसतात काय? अशा आशयाचे प्रश्न त्यांनी केले. दावा चालू असतानाच सरकारने मुथम्मांना बढती दिली होती, आणि एक नियम रद्द करून दुसरा रद्द करीत असल्याचे सांगितले होते, म्हणून अर्ज औपचारिक रीत्या निकाली निघाला. नियम गेले. मुथम्मा मात्र आयुष्यभर अविवाहित राहिल्या.

एवढ्यावर सर्व काही सरळ झाले असते तर हा लेख येथेच थांबला असता. परंतु पुढच्या दोनच वर्षांत, १९८१ साली, त्याच न्यायालयाचे दुसरे एक पीठ निराळ्या निष्कर्षास आले. तेव्हा मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या एअर इंडियाचा नियम असा होता की, हवाईसुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास त्या वेळी, किंवा प्रथम दिवस जाताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, नोकरी सोडावी. विमानात त्यांच्याबरोबर तसेच काम करणारे पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राहत. नर्गेस मिर्झा व त्यांच्या सहकारिणींनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला, तो सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाला. न्यायालयाने गर्भारपणाचे कलम रद्द केले, आणि ते भारतीय स्त्रीत्वाचा अपमान करणारे आहे असा अभिप्राय दिला. पण पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट मात्र उचलून धरली. का, तर थोड्या उशिरा लग्न केले असता मुलगी अधिक प्रगल्भ होते, संसार यशस्वी होण्याचा संभव वाढतो, आणि कुटुंबनियोजनासही मदत होते! मुलगी लग्नास केव्हा योग्य होते याचा विचार आपल्याकडे आईबाप करीत, कधी पंचांग करी. तो अधिकार विमान-कंपनीकडे कसा गेला, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

पगाराचा प्रश्नही याच मुळाशी जाऊन मिळतो. बाईचा पगार म्हणजे संसाराला हातभार, पुरुषाचा पगार म्हणजे संसार, ही समजूत मुंबईच्या मोठमोठ्या कचेऱ्यांतही मुरलेली होती. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज-कंपनीत टंकलेखन व लघुलेखन करणाऱ्या स्त्रियांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. कंपनीतून गेलेल्या ऑड्री डिकॉस्टा यांनी त्याआधारे फरकाची रक्कम मागितली. कंपनीने कामगार-संघटनेशी झालेल्या कराराकडे बोट दाखविले. स्त्रियांचे काम निराळे आहे असे सांगितले. आणि इतके पैसे देण्याची ऐपत नाही असेही म्हटले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही सबबी फेटाळल्या. काम सारखे असता पुरुषास अधिक व स्त्रीस कमी देणारा करार संघटनेने मान्य केला, म्हणून तो कायद्याहून मोठा ठरत नाही. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तो करार करणारी संघटना कामगारांचीच होती. आणि तिला त्यात काही गैर वाटले नव्हते.

लग्नाची अट उघडपणे घालणे अशक्य झाले, तेव्हा ती निराळ्या वेषात आली. आयुर्विमा महामंडळाच्या नेमणुकीच्या अर्जात स्त्री-उमेदवारांना मासिक पाळी नियमित येते काय, शेवटची पाळी केव्हा आली, पूर्वी दिवस गेले होते काय, असे रकाने भरावे लागत. नीरा माथुर यांना १९८९ साली नेमणूक मिळाली. बाळंतपणानंतर त्यांना कमी करण्यात आले. त्यांनी अर्जात खोटी माहिती दिली, हे कारण पुढे केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यांना कामावर परत घेण्याचा आदेश दिला, आणि हे रकाने अर्जातून काढून टाकण्यास सांगितले. आपल्या ज्ञातीत विमा-व्यवसायात असलेली मंडळी पुष्कळ आहेत. तो अर्ज ज्यांच्या हाताखालून गेला असेल, त्यांना तेव्हा त्यात वावगे दिसले होते काय, हे त्यांनीच आठवून पाहावे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ साली विशाखा प्रकरणात न्यायालयाने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे, त्यांवरून २०१३ साली झालेला कायदा, २०१७ साली सव्वीस आठवड्यांवर गेलेली बाळंतपणाची रजा, या अलीकडच्या गोष्टी वाचकांस परिचित आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. विशाखा प्रकरणाच्या मुळाशी राजस्थानातील एक ग्रामसेविका होती, आणि बालविवाह थांबविण्याचे सरकारी काम केल्याबद्दल तिच्यावर १९९२ साली अत्याचार झाला होता, एवढे मात्र सांगितले पाहिजे. 

परंतु लग्नाची अट १९८१ नंतर इतिहासजमा झाली, असा कोणाचा समज असेल तर तो खरा नाही. लष्करी परिचर्या सेवेच्या १९७७ च्या एका आदेशान्वये विवाह हे सेवामुक्तीचे कारण होते. त्या सेवेतील लेफ्टनंट सेलिना जॉन यांना विवाह केला म्हणून १९८८ साली सेवेतून मुक्त करण्यात आले. आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. जॉन यांचे प्रकरण मात्र चालूच राहिले. २०१६ साली लष्करी न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, त्यावर केंद्र सरकारने अपील केले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना साठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर त्यांना सेवेतून काढल्याला पस्तीस वर्षे उलटून गेली होती.

येथवर कंपन्या झाल्या, सरकार झाले, न्यायालये झाली. आता आम्हांस आपल्या घराकडे वळावयाचे आहे. ज्ञातिमंडळांच्या वधूवर-सूची इतिहासाचे साधन म्हणून कोणी वाचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वास्तविक त्या वाचण्याजोग्या आहेत, मग त्या कोणत्याही ज्ञातीच्या असोत. एका पिढीत ‘गृहकृत्यदक्ष’ मुलगी हवी असे. पुढच्या पिढीत ‘पदवीधर’ हवी झाली. मग ‘नोकरी करणारी चालेल’ आले, आणि त्यानंतर ‘नोकरी करणारी हवी’. वाचणाऱ्यास वाटावे, केवढी ही प्रगती! परंतु त्याच ओळीच्या शेवटी पुष्कळदा ‘आवश्यकता पडल्यास नोकरी सोडण्याची तयारी असावी’ असेही असे. ही आवश्यकता कोणती, ती कोणी ठरवावयाची, हे कोठेच लिहिलेले नसे. मुलाची बदली ही आवश्यकता. सासूचे आजारपण ही आवश्यकता. मुलाची दहावी ही तर फारच मोठी आवश्यकता. मुलीची बढती हिला आवश्यकता म्हटल्याचे आम्ही तरी पाहिले नाही.

लग्नाच्या याद्या करावयास दोन्ही घरची वडीलधारी मंडळी बसत, तेव्हा मानपान, देणेघेणे, पंगतीची पाने, सारे कागदावर येई. मुलीच्या नोकरीची बाब मात्र तोंडीच ठरे, आणि तीही बहुधा ती स्वतः आत चहा करीत असताना. औषध-कंपनीची अट लेखी होती म्हणून तिच्याविरुद्ध युनियनला न्यायालयात जाता आले. मुथम्मांकडून लिहून घेतलेला कागद होता म्हणून तो न्यायमूर्तींपुढे ठेवता आला. आपल्या बैठकीतील अटीला कागद नव्हता. त्यामुळे तिच्यावर अपीलही नव्हते. लग्नाआधी शिक्षिका, कारकून, परिचारिका, टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम केलेल्या आणि लग्नाच्या आठवडाभर आधी राजीनामा दिलेल्या मावश्या, आत्या, काकू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतील. त्यांच्या फंडाची रक्कम लग्नखर्चात जिरली, हेही काहींना आठवत असेल. कोणत्या कंपनीने त्यांना काढले नव्हते. त्यांनी स्वखुशीने राजीनामा दिला, असेच त्यांच्या अर्जात लिहिलेले आहे.

असे अर्ज, नेमणूकपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, बढती वा बदली नाकारल्याची पत्रे अनेक कपाटांत, जुन्या पेट्यांत व पत्रिकांच्या पुडक्यांत पडून असतील. मंडळाच्या दप्तरात कर्त्या पुरुषांची पत्रे व छायाचित्रे व्यवस्थित लावून ठेवलेली आहेत. नोकरी केलेल्या वा सोडलेल्या भगिनींचा एकही कागद त्यात आम्हांस आढळला नाही. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते कार्यालयात दाखवावयास आणावे. त्या बाई हयात असतील तर त्यांनाच बरोबर आणावे, म्हणजे राजीनाम्याच्या आधी काय बोलणे झाले तेही लिहून घेता येईल. मूळ कागद ठेवून घ्यावयाचे नाहीत. नक्कल काढून ते त्याच दिवशी परत दिले जातील.